एका डोळ्याचा जमाखर्च

गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत मी इंदूरला आत्याकडे होतो. आत्याच्या शेजारी एक मराठी कुटुंब राहते. त्यांची दोन वर्षांची मुलगी रोज माझी एक चप्पल पळवी आणि जिन्याखाली लपवी. एके संध्याकाळी तिच्या वाढदिवसाचे फोटो पाहताना आत्या सहज म्हणाली, "अरे, हिचा एक डोळा लाल आणि दुसरा पांढरा का रे दिसतो?" आम्ही हसलो. मी तर कॅमेऱ्याच्या फ्लॅशविषयी चार वाक्ये ऐकवलीही. बी. कॉम.च्या विद्यार्थ्याला सर्वच विषयांत गती असते ना!

तिची आई मात्र हसली नाही. चार महिन्यांपूर्वी तिने एका डॉक्टरांना मुलीचा डोळा दाखवला होता. "थोडा तिरळेपणा आहे, मोठी झाली की जाईल," असे उत्तर मिळाले होते. या वेळी नेत्रतज्ज्ञांनी औषध घालून बाहुली मोठी केली, आत पाहिले आणि रोगाचे नाव कागदावर लिहून दिले : रेटिनोब्लास्टोमा. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा, लहान मुलांना होणारा कर्करोग. मंडळी त्याच आठवड्यात हैदराबादला गेली. डोळा काढावा लागला. मुलगी वाचली.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचतो आहे. नेत्रकर्करोगतज्ज्ञ हा असा डॉक्टर, की ज्याच्या कामाचा क्रमच वेगळा : आधी जीव, मग डोळा, मग दृष्टी. मोतीबिंदू काढणाऱ्याला दुसऱ्या दिवशी आशीर्वाद मिळतात. याला कित्येकदा आईबापांना डोळा काढण्याची संमती मागावी लागते. वाट तर केवढी लांब! एम.बी.बी.एस., मग नेत्रविकारांतली पदव्युत्तर पदवी, मग या एकाच शाखेचे प्रशिक्षण. डॉ. संतोष होनावर दिल्लीच्या एम्समध्ये शिकले, अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विल्स नेत्र रुग्णालयात जेरी व कॅरोल शील्ड्स या दांपत्याच्या हाताखाली तयार झाले आणि परत येऊन हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत काम करू लागले. २००९ साली त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. (होनावर हे शरावतीच्या मुखाशी वसलेले गाव. आडनाव ऐकताच आमच्या कन्नड विभागाच्या संपादकांनी "हे तर आमचे" म्हणून लेख मागितला. मी दिला नाही.)

आता माझ्या विषयाकडे येतो. हा रोग साधारण पंधरा ते वीस हजार बालकांमागे एकाला होतो. इंदूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या गणतीत सुमारे ३३ लाख होती. हजारी २० जन्म धरले तर वर्षाला ६६ हजार बालके. म्हणजे रुग्ण तीन किंवा चार. चार गिऱ्हाइकांसाठी कोण दुकान थाटील? तेव्हा "आमच्या गावात असा तज्ज्ञ का नाही?" या तक्रारीत मला अर्थ दिसत नाही. असे डॉक्टर मोजक्या ठिकाणीच असणार, आणि त्यांचा हात शेकडो मुलांवर बसलेला असणे हेच रुग्णाच्या हिताचे.

माझे भांडण वेगळ्याच ठिकाणी आहे. वेळेवर निदान झाले तर प्रगत देशांत शंभरातली ९५हून अधिक मुले वाचतात. औषधोपचार, लेसर यांनी पुष्कळदा डोळाही राहतो. किरणोत्सर्गी रुथेनियमची जी चकती गाठीवर काही काळ बसवतात, ती आता मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही तयार होते. इतकी विद्या आपल्याकडे आहे. पण मूल तिथवर पोचते ते गाठ वाढल्यावर. त्या इतक्या वर्षांच्या शिक्षणाचे मोल चार महिन्यांच्या उशिराने शून्य होते. भांडवल सारे शिखरावर आणि पायथ्याला दमडी नाही, असला हा ताळेबंद!

पायथ्याला लागते तरी काय? अंधाऱ्या खोलीत बाळाच्या दोन्ही डोळ्यांत उजेड टाकून आतून लाल चमक येते की नाही हे पाहण्याचे एक साधे उपकरण आणि पाहायला शिकलेला माणूस. पांढरी चमक दिसली म्हणजे कर्करोगच असे नाही, मोतीबिंदूही असू शकतो. पण तोही लहान मुलात थांबण्याजोगा नव्हे. तिरळेपणासुद्धा "मोठेपणी जाईल" म्हणून सोडायचा नसतो.

दिवाळीत पुन्हा इंदूरला गेलो तेव्हा त्या मुलीचे लसीकरणाचे कार्ड मी मागून पाहिले. बी.सी.जी., पोलिओ, गोवर, सर्व वेळेवर. प्रत्येक तारखेपुढे सही आणि वजन. एवढ्या वेळा तिला दवाखान्यात नेले, उचलले, तोलले. डोळ्यांविषयी त्या कार्डावर एक अक्षर नव्हते. कार्ड परत देऊन बाहेर आलो तर एक चप्पल गायब होती.