पाण्याखालची शीव आणि शिळेवरची नावे

भोर तालुक्यातील भाटघर महाराष्ट्राला ठाऊक आहे ते धरणामुळे. वेळवंडी नदीवरील एकोणिसाव्या शतकातील पहिल्या जलाशयास व्हाईटिंग या इंग्रज अभियंत्याचे नाव देण्यात आले. पुढे १९२०च्या दशकात मोठे धरण उभे राहिले, त्यास मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांचे नाव लाभले. आज जलाशय येसाजी कंकांच्या नावाने ओळखला जातो. शिवछत्रपतींचे हे सहकारी याच खोऱ्यातील भुतोंड्याचे. म्हणून हे नामांतर सर्वथा उचित होय, असे आम्ही मानतो.

तथापि अभियंता, गव्हर्नर आणि सरदार यांची नावे झाली. ज्यांची घरे व शेते बुडाली आणि ज्यांनी धरणाचे दगड वाहिले, त्यांची नावे कोठे आहेत? कांबरे येथील कांबरेश्वराचे मंदिर वर्षातील बहुतेक काळ पाण्याखाली असते व उन्हाळ्यात उघडे पडते. दर्शनास लोक जातात, वृत्तपत्रांत छायाचित्रे येतात. त्याच पाण्याखालील वस्त्यांची विचारपूस मात्र क्वचितच होते. याच पाण्यावर नीरेचे कालवे वाहतात आणि बारामतीपासून माळशिरसपर्यंत उसाचे मळे उभे राहिले, हे ध्यानी घेतले म्हणजे या विस्मरणाचे मोल कळते.

आमच्या समाजापुरता हा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा आहे. जुन्या ग्रामव्यवस्थेत शिवेचा वाद उपस्थित झाला की महाराची साक्ष घेतली जाई. शिवेचा दगड कोठे, ओढा कोठून वळतो, हे त्याला तोंडपाठ असे. ज्याला गावकुसाच्या आत थारा नव्हता, त्याच्या शब्दावर गावाची हद्द ठरे. साऱ्या गावाच्या खुणा ज्याने सांभाळल्या, त्याची स्वतःची खूण कोणी सांभाळली नाही. वतनाच्या जाचाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले; कनिष्ठ ग्रामवतने रद्द होण्यास मात्र १९५८चा कायदा यावा लागला. वतनाची जी जमीन पाण्याखाली गेली, तिचा मोबदला कोणाच्या हाती पडला, हा आपल्या इतिहासाने विचारलाच पाहिजे असा प्रश्न आहे.

शिळेवर नाव असण्याने काय होते, हे भीमा कोरेगावने शिकविले आहे. १ जानेवारी १८१८च्या लढाईनंतर कंपनी सरकारने तो स्तंभ स्वतःच्या गौरवासाठी उभारला. परंतु त्यावर ‘नाक’ प्रत्ययाची नावे कोरलेली होती. म्हणूनच १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे आले, तेव्हा समाजाला त्या दगडात आपले पूर्वज वाचता आले. नावे नसती, तर तो परक्यांचा एक खांब राहिला असता.

याहून उंच आदर्श सम्राट अशोकाचा. लुंबिनीच्या स्तंभलेखात भगवान बुद्धांच्या जन्मस्थानाचा निर्देश आहेच. त्यासोबत गावाचे नाव आहे, आणि त्या गावाचा ‘बली’ हा कर माफ करून धान्याचा आठवा हिस्साच घेण्याचेही कोरलेले आहे. पूजनीय स्थळाच्या लेखात सामान्य ग्रामस्थांच्या पोटाची नोंद घेणारी ही दृष्टी आपण अंगीकारावी.

काही जाणते म्हणतील, दगडांवर पैसा खर्च करण्यापेक्षा मुलांच्या शिक्षणावर करावा. त्यांचे म्हणणे आम्हांस मान्य आहे. म्हणूनच आमची सूचना दगडापासून आरंभ होत नाही. प्रथम वही उघडावी. ज्यांनी बुडण्यापूर्वीची ती गावे पाहिली, ते आता उरले नाहीत. त्यांच्या तोंडून ज्यांनी ऐकले, ते आज सत्तरी-ऐंशी ओलांडलेले आहेत. येत्या सुट्टीत विद्यार्थ्यांनी आपल्या आजी-आजोबांकडे बसावे. बुडालेल्या गावाचे, वाडीचे, महारवाड्याचे, पाणवठ्याचे नाव विचारावे. कुटुंब कोठून उठले, कोठे वसले, हे लिहून घ्यावे. पालकांनी जुने सातबारे आणि वतनाचे कागद पेटीबाहेर काढावेत. पुण्याच्या पुराभिलेखागारात कागद कसे शोधावेत, हे इतिहासाच्या शिक्षकांनी माजी विद्यार्थ्यांना शिकवावे.

ऐकीव माहिती कागदाशी ताडून पाहिल्यावरच शिळेचा विचार करावा. ती धरणाच्या परिसरात, येणाऱ्या-जाणाऱ्यास वाचता येईल अशी असावी. तीवर सर्व जातींच्या बुडालेल्या वस्त्यांची नावे एकाच आकाराच्या अक्षरांत असावीत. गाव वर आणि महारवाडा खाली, अशी उतरंड तेथे तरी नको. ही मागणी ग्रामपंचायतीपुढे आणि पाटबंधारे खात्यापुढे नेण्यास माजी विद्यार्थी संघाने पुढाकार घ्यावा. आमच्या पूर्वजांनी दुसऱ्यांच्या हद्दीची साक्ष दिली. आता त्यांची साक्ष देणे हे आपले कर्तव्य आहे.