एक प्रत आम्हालाही!

माझी सहावी कादंबरी बाहेर पडली तेव्हा पहिलं अभिनंदन समोरच्या वहिनींनी केलं. दारातच. विरजण मागायला आल्या होत्या, हातात वाटी होती. "पेपरात वाचलं हो! आता एक प्रत आम्हालाही!" असं म्हणून त्या विरजण आणि माझा होकार अशा दोन्ही गोष्टी घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली. आपल्याकडे रिकामी वाटी परत करत नाहीत, म्हणून तिच्यात लिंबाचं गोड लोणचं होतं. कादंबरी मात्र गेली ती गेलीच. तिच्या बदल्यात लोणचं सोडाच, "वाचली" एवढा शब्दही आला नाही.

वहिनींवर माझा राग नाही. वहिनी म्हणजे एक व्यक्ती नव्हे, ती एक संस्था आहे आणि तिच्या शाखा आमच्या सबंध नातेवाइकांत पसरलेल्या आहेत. धाकटे दीर म्हणतात, "वहिनी, सही करून द्या, म्हणजे ऑफिसात दाखवता येईल." मामेसासूबाई म्हणतात, "माझ्याबद्दल काही लिहिलं असशील तर दोन दे." आता वहिनींचे यजमान दातांचे डॉक्टर आहेत. त्यांनी नवा दवाखाना काढला तेव्हा आम्ही पेढे खाल्ले, गुच्छ दिला, पण "आता एक दाढ आम्हालाही!" असं काही कोणी म्हणालं नाही.

जरा हिशेब मांडते. कादंबरीची किंमत ४०० रुपये. आवृत्ती १,००० प्रतींची. मानधन दहा टक्के. म्हणजे सगळ्या प्रती खपल्या, आणि खपतात त्या चार-पाच वर्षांत, तर मला मिळणार ४०,००० रुपये. लिहायला तीन वर्षं लागली. भागाकार आमच्या ह्यांनी केला, कारण ते बँकेत होते आणि त्यांना असल्या गोष्टींत निर्दय आनंद मिळतो. दिवसाला साडेछत्तीस रुपये! "एक वडापाव आणि एक कटिंग," ते म्हणाले. "दुसरा चहा मात्र कादंबरीतल्या नायिकेनं स्वतःच्या पैशानं प्यायचा."

करारानं मला वीस प्रती मिळतात. आता आमच्याकडे साधं बारसं म्हटलं तरी साठ पानं उठतात. वीस प्रती कुठे पुरणार? एकविसाव्या प्रतीपासून मी त्या प्रकाशकाकडून सवलतीत विकत घेते आणि वर 'सप्रेम भेट' लिहून वाटते. थोडक्यात, माझ्या कादंबऱ्यांचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक मीच आहे.

फुकट प्रतीचा हक्क कायद्यानं कोणालाच नाही असं नाही. १९५४ चा एक कायदा आहे. त्यानुसार प्रकाशकानं प्रत्येक पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत आणखी तीन मोठ्या ग्रंथालयांना स्वखर्चानं पाठवायची असते. त्या यादीत मी समोरच्या वहिनींचं नाव शोधलं. नाही सापडलं.

या विषयावर बोलायला लागलं की समोरून ठरलेली उत्तरं येतात. पहिलं : "पुस्तकं फार महाग झालीत हो!" हे ज्यांच्या बाबतीत खरं आहे त्यांना माझा नमस्कार. खोलीचं भाडं भरून उरलेल्या पैशांत महिना काढणारी मुलगी पुस्तक विकत घेऊ शकत नाही, हे मला कळतं. पण गंमत पाहा, ती मुलगी कधी प्रत मागत नाही. मागतात ते चौघांना घेऊन सिनेमाला जाणारे आणि मध्यंतरात लाह्यांच्या बादलीला पुस्तकापेक्षा जास्त पैसे मोजून येणारे.

दुसरं उत्तर : "लिहिणं म्हणजे सरस्वतीची सेवा. तिथे पैशाचं काय?" मान्य. पण वीज कंपनीला हे अजून कोणी कळवलेलं नाही. ती सरस्वतीच्या सेवकालाही दर महिन्याला बिल पाठवते.

तिसरं : "पण तुमचं नाव होतं ना!" होतं की. परवा भाजीवाल्यानं ओळखलं. "तुम्हीच ना त्या पुस्तकवाल्या?" म्हणाला. मला गुदगुल्या झाल्या. कोथिंबीर मात्र त्यानं त्याच भावानं दिली. बरोबरच आहे त्याचं. धंदा कसा करावा हे मी त्याच्याकडून शिकायला हवं.

आता तर प्रत मागायचीही गरज उरलेली नाही. कादंबरी बाजारात येऊन महिना होतो न होतो तोच २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, आमच्या भिशीच्या व्हॉट्सॲप गटावर ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत येऊन पडली. पीडीएफ! खाली लिहिलं होतं, 'मराठी टिकवायची असेल तर पुढे पाठवा.' अठरा जणींनी हात जोडले होते. सवयीनं मीही जोडले आणि मग वर पाहिलं, तर मुखपृष्ठ ओळखीचं! ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा याच गटानं पेढ्यांची चित्रं पाठवली होती. अभिजात भाषेतली पुस्तकं विकत घ्यायला मनाई आहे, असं त्या निर्णयात कुठे म्हटलेलं नाही हो. मी तपासलंय.

१९५७ चा कॉपीराइट कायदा सांगतो की लेखक गेल्यावरही साठ वर्षं पुस्तकावर त्याच्या वारसांचा हक्क राहतो. फार दूरदृष्टीचा कायदा! माझं म्हणणं इतकंच, की मेल्यानंतरच्या साठ वर्षांची सोय झालीच आहे, तर जिवंतपणीच्या उरलेल्या पंधरा-वीस वर्षांचंही काहीतरी बघा.

इतकं चिडायला काय झालं, असं तुम्ही विचाराल. सांगते. सातवी कादंबरी लिहून तयार आहे. मागच्या महिन्यात बाड घेऊन प्रकाशकांकडे गेले. भला माणूस आहे. चहा मागवला, तब्येतीची चौकशी केली आणि मग हळूच म्हणाला, "बाई, मागचीच्या चारशे प्रती अजून गोदामात आहेत. जरा थांबू या." मी बसमध्ये बसल्या बसल्या बोटं मोजली. ज्यांना ज्यांना मी प्रती वाटल्या, ते सगळे विकत घेऊ शकणारे होते. वाचणाऱ्यांची संख्या माझ्या भेटींनी वाढली नव्हती. घेणाऱ्यांची तेवढी कमी झाली होती. बाड सध्या कपाटात आहे, नेफ्थलीनच्या गोळ्यांशेजारी.

आणि या पापात मी स्वतः नाही असं समजू नका. कपाट उघडलंच होतं म्हणून दुसऱ्या लेखकांनी मला 'सप्रेम भेट' दिलेली पुस्तकं मोजली. एकतीस निघाली. वाचलेली सात. स्वतःचे पैसे घालून आणलेली मात्र बहुतेक सगळी वाचलेली. काही नुसती पैसे वसूल करायला म्हणून, दात-ओठ खाऊन! फुकटच्या पुस्तकाला हीच अडचण असते. त्याला कपाटात जागा मिळते, दिवसात मिळत नाही.

हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' काढलं आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो' क्रमशः छापली. तो प्रश्न विधवांच्या दुःखाबद्दल होता, माहीत आहे मला. तरी मराठी कादंबरीकारानं रोज सकाळी उठून म्हणावं असं ते वाक्य आहे.

मग लिहितेस कशाला, असं आमचे हे विचारतात. त्याचं उत्तर मला एका तालुक्याच्या गावी मिळालं. व्याख्यानाला गेले होते. तिथलं सार्वजनिक वाचनालय 'क' वर्गातलं. एक खोली, दोन पंखे, त्यातला एक फिरणारा. ग्रंथपालबाईंनी माझी तिसरी कादंबरी काढून दाखवली. शिवण उसवलेली, पाठीला खाकी कागद, आणि मागच्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के इतके की वर दुसरी चिठ्ठी डकवलेली. आत पानाच्या कडेला कोणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'या बाईला सासू म्हणजे काय ते कळत नाही!' त्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'कळतं. तुम्हालाच कळत नाही.' आणि त्याखाली तिसऱ्यांदा, शाईनं, 'पुस्तकात लिहू नये.'

वाचनालयानं ती एकच प्रत विकत घेतली होती. पण ती वाचली होती आणि तिच्यावरून भांडणही झालं होतं. त्या शिक्क्यांकडे बघताना मला साडेछत्तीस रुपयांची आठवणसुद्धा झाली नाही.

तेव्हा ठरवलंय. यापुढे 'सप्रेम भेट' बंद. पुस्तक विकत घ्या आणि मग खुशाल शिव्या द्या. समासात लिहिलंत तरी चालेल. जमत नसेल तर वाचनालयाची वर्गणी भरा आणि त्यांना घ्यायला लावा. पाहिजे तर एकाच्या प्रतीवर दहा जण वाचा. पण ती एक प्रत तरी कोणीतरी विकत घ्या.

वहिनी कालच आल्या होत्या. विरजणाला. "सातवी कधी येतेय?" असं विचारलंन. म्हटलं, "वहिनी, मागचीच्या चारशे प्रती संपल्या की." त्या क्षणभर वाटीकडे बघत उभ्या राहिल्या. आज वाटी परत आली ती नेहमीसारखी भरलेली, आणि वर, चुरगळलेली का होईना, पण चारशे रुपयांची चवड! सोबत चिठ्ठी : 'मागचीचे.'

मी लगेच फोन केला. म्हटलं, "वाचलीत?"

"छे हो," वहिनी म्हणाल्या. "पण आता वाचावीच लागणार!"