सलामीतले घड्याळ

नवरदेवाला घड्याळ देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. आमच्या वडिलांच्या पिढीत ते एचएमटीचे असायचे, पुढे टायटन आले. आता बोलणी करताना मुलाकडची मंडळी म्हणतात, “आम्हाला काही नको, फक्त मुलाला घड्याळ जरा चांगले द्या.” दोन दिवसांनी मुलीच्या भावाच्या मोबाइलवर फोटो येतो. तबकडीवर अरमानी किंवा मायकल कोर्स, आणि किंमत पाच आकडी.

हे नाव नेमके कुणाचे? अरमानी मुळात कपड्यांचे घराणे, मायकल कोर्स पर्स आणि कपड्यांचे. एम्पोरियो अरमानी, मायकल कोर्स, डिझेल ही नावे परवान्यावर घेऊन अमेरिकेतील फॉसिल कंपनी वर्षानुवर्षे घड्याळे काढत आली आहे. टॉमी हिलफिगर, ह्यूगो बॉस यांची घड्याळे मोव्हाडो समूहाकडून येतात. थोडक्यात, नाव भाड्याचे. आत बहुतेकदा क्वार्ट्झ यंत्र, म्हणजे बॅटरीवर सेकंदाला 32,768 वेळा थरथरणारा स्फटिक. हजार रुपयांच्या घड्याळातही तो तेवढाच थरथरतो. पोलाद, काच, पट्टा यांत फरक असतो, तो आम्ही नाकारत नाही. पण दहापट किंमत काही पट्ट्याची नसते.

खुद्द घड्याळ बनवणाऱ्यांनाही चेहरा लागतोच. 1999 पासून लाँजिनसाठी ऐश्वर्या राय, 2004 मध्ये टायटनसाठी आमिर खान, टॅग ह्यूअरसाठी शाहरुख खान. आपल्या घरांतल्या मुलांना त्यात आणखी एक ओढ असते: ‘आपला’ माणूस घालतो! तो घालतो, कारण त्याला त्याचे पैसे मिळतात, हे मुलांना ठाऊक असते. तरी ओढ कमी होत नाही.

आपल्याकडे साक्ष ही अमानत आहे आणि खोटी साक्ष मोठ्या गुनाहांत मोजली जाते. देशाचा कायदाही याबाबत ढिला नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी त्यात झळकणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीलाही दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तसेच केले तर पन्नास लाखांपर्यंत. दावा नीट तपासला होता असे दाखवता आले तर सुटका. गंमत अशी की घड्याळाच्या जाहिरातीत बहुधा दावाच नसतो. एक मनगट, एक नजर, मागे विमान नाहीतर समुद्र. हे घड्याळ टिकेल, अचूक चालेल, असे तो नट म्हणतच नाही. साक्षीदार उभा आहे, साक्ष मात्र काहीच नाही. कायद्याने पकडायचे काय?

या न बोललेल्या शब्दाची किंमत मुलीचा बाप मोजतो. मागणी थेट हुंड्याची नसते म्हणून त्याला नाही म्हणता येत नाही, आणि साधे घड्याळ दिले तर मुलीला सासरी ऐकावे लागेल ही भीती. ज्याला हे घड्याळ हवे त्याने ते आपल्या पगारातून घ्यावे, आमची हरकत नाही. पण ते यादीत येऊ नये, आणि हे मुलाच्या आईने बोलणीतच सांगावे. ते तिच्याच तोंडून शोभेल.

आम्ही गेल्या काही वर्षांत बऱ्याच बैठकांना बसलो आहोत. घड्याळाचे मॉडेल, पट्ट्याचा रंग, सगळे आधीच ठरलेले असते. महरची रक्कम मात्र काझीसाहेब निकाहनामा भरताना विचारतात, तेव्हा दोन्हीकडचे वडीलधारे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.