राखेचा कायदा आणि कामगाराची सही

गार्डन रीच हे नाव दक्षिण पूर्व रेल्वेच्या नागपूर विभागात नोकरी केलेल्या कामगाराला नव्याने सांगावे लागत नाही. १९५५ साली दक्षिण पूर्व रेल्वे अस्तित्वात आली, तेव्हापासून २००३ साली बिलासपूरला दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचे मुख्यालय होईपर्यंत नागपूर विभागाचे वरचे हुकूम कोलकात्याच्या गार्डन रीचहूनच सुटत. हुगळी नदीच्या काठावर दक्षिण पूर्व रेल्वेचे मुख्यालय आजही तेथेच आहे. याच गार्डन रीचमध्ये १९९०च्या सुमारास सीईएससी कंपनीचे दोन संचांचे, मिळून १३५ मेगावॅटचे, कोळशावर चालणारे वीज केंद्र उभे राहिले. ज्या रेल्वेने खाणीतला कोळसा देशभर पोचवला, तिच्या मुख्यालयाच्या वस्तीतच तो कोळसा जळू लागला. कोळसा जळाला की मागे राख उरते. त्या राखेचे काय करायचे हे कोण ठरवते आणि ठरवताना कामगाराला कोणी विचारते का, हा आजच्या अग्रलेखाचा विषय आहे.

हिशेब आपण आपल्या पद्धतीने करू. कोळशाच्या एका पूर्ण रेकमध्ये साधारण चार हजार टन माल असतो. आपल्या देशातल्या वीज केंद्रांना मिळणाऱ्या कोळशात राखेचे प्रमाण तीस ते पंचेचाळीस टक्के धरतात. पस्तीस टक्के धरले तरी एका रेकमागे चौदाशे टन राख होते. म्हणजे आपला लोको पायलट चार हजार टन कोळसा ओढून नेतो तेव्हा त्यातली चौदाशे टन राखच तो ओढत असतो. ती वीज केंद्राच्या दारात पोचते आणि तेथून शेजारच्या गावांच्या वाट्याला येते.

देशाचे आकडेही पाहू. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नोंदीप्रमाणे १९९६-९७ साली सुमारे ६ कोटी ८९ लाख टन राख निघाली आणि तिच्यातली जेमतेम साडेनऊ टक्के वापरात आली. २०२१-२२ साली २७ कोटी टनांहून अधिक राख निघाली आणि वापर ९६ टक्क्यांच्या घरात गेला असे तेच प्राधिकरण सांगते. सिमेंट, विटा, रस्त्यांचे भराव, जुन्या खाणींची भरणी असा हा वापर आहे. प्रगती झाली हे मान्य केलेच पाहिजे. परंतु शेकडा चार टक्के जरी उरली तरी ती एका वर्षात एक कोटी टनांच्या वर जाते. आणि आधीच्या वर्षांची साचलेली राख बंधाऱ्यांमागे पडून आहे ती वेगळीच.

राख ही चुलीतल्या राखेसारखी निरुपद्रवी वस्तू नाही. धुराड्याच्या वाटेवर पकडलेली बारीक राख पिठाहून हलकी असते, वाऱ्याबरोबर उडते आणि श्वासावाटे छातीत जाते. तिच्यात सिलिका असते. आर्सेनिक, शिसे, पारा यांचे अंश असतात आणि ते पाण्याबरोबर झिरपू शकतात. वाफेच्या इंजिनांच्या काळात शेडमधल्या राखेच्या खड्ड्यात उतरणाऱ्या खलाशांचा खोकला ज्यांनी ऐकला आहे, त्यांना हे पुस्तकातून शिकण्याची गरज नाही.

हावड्याहून खरगपूरकडे जाणाऱ्या आपल्या गाड्या मेचेद्याजवळून जातात. तेथे कोलाघाटचे वीज केंद्र आहे. प्रत्येकी २१० मेगावॅटचे सहा संच तेथे बसवण्यात आले होते. हा परिसर फुलांच्या आणि पानमळ्यांच्या शेतीचा. पानांवर बसणाऱ्या राखेविरुद्ध तेथील शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे आवाज उठवला. हुगळीतून राख भरलेल्या बार्जेस बांगलादेशातील सिमेंट कारखान्यांकडे जातात, आणि सुंदरबनच्या वाटेवर अशा बार्जेस बुडण्याचे प्रकारही घडले आहेत. आता ही राख आपल्या रुळांवरही आली आहे. २०२० साली रिहांदच्या वीज केंद्रातून टिकारियाच्या सिमेंट कारखान्याला राखेचा पूर्ण रेक गेला. म्हणजे आधी कोळसा नेणारे आपण, आता राख नेणारेही आपणच.

मग नियम कोणते? १९८६च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली राखेविषयीच्या अधिसूचनेचा मसुदा मे १९९८ मध्ये राजपत्रात आला. बाधित होण्याची शक्यता असलेल्या सर्व व्यक्तींनी साठ दिवसांत आपल्या हरकती व सूचना पाठवाव्यात, असे त्यात म्हटले होते. अंतिम अधिसूचना मात्र लांबली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने मुदत घालून दिली आणि १४ सप्टेंबर १९९९ रोजी ती निघाली. वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील वीटभट्ट्यांनी राख वापरावी असे बंधन आले. २००३ मध्ये ही मर्यादा १०० किलोमीटर झाली, तर २०१६ मध्ये ३०० किलोमीटर. लोकांनी दार ठोठावले नसते तर हा कायदा आणखी किती वर्षे फाइलीत राहिला असता, याचा विचार वाचकांनीच करावा.

पुढचा मोठा मसुदा २२ एप्रिल २०२१ रोजी आला. मुदत पुन्हा साठ दिवसांची. ते दिवस आठवा. करोनाची दुसरी लाट शिगेला होती. माणसे प्राणवायूच्या सिलिंडरसाठी रांगेत होती. आपले रेल्वेचे सहकारी ऑक्सिजन एक्स्प्रेस चालवत होते, पोस्टमन दारोदार औषधांची पार्सले आणि पेन्शन पोचवत होते. अशा वेळी राजपत्र उघडून, मसुदा वाचून, मुद्दे काढून दिल्लीला कोण पाठवणार? ३१ डिसेंबर २०२१ रोजी अंतिम अधिसूचना निघाली. तिच्यात चांगल्या गोष्टी आहेत. प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी हे तत्त्व तिने घेतले, न वापरलेल्या राखेवर टनामागे हजार रुपयांची भरपाई लावली, जुनी साचलेली राख संपवण्यासाठी मुदती घातल्या. परंतु हे सारे ठरताना राख उचलणाऱ्याच्या सूचना किती आणि कारखानदारांच्या किती, हा प्रश्न उरतोच.

भाषेचाही प्रश्न आहे. राजपत्र हिंदी-इंग्रजीत निघते. कोराडीचा शेतकरी, परळीचा हमाल, भुसावळच्या दीपनगरचा कंत्राटी कामगार यांनी हरकत घ्यायची ती कोणत्या भाषेत वाचून? २०२० साली पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या नव्या मसुद्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून रोजी आदेश दिला, की हा मसुदा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील सर्व भाषांत उपलब्ध करावा आणि सूचनांची मुदतही वाढवावी. तो आदेश त्या मसुद्यापुरता होता. पण जो न्याय एका मसुद्याला, तोच राखेच्या मसुद्याला का नसावा?

हे कागदी भांडण नाही. १० एप्रिल २०२० रोजी मध्य प्रदेशात सिंगरौलीजवळ सासनच्या वीज केंद्राचा राखबंधारा फुटला आणि सहा जणांचे प्राण गेले. त्यांत लहान मुलेही होती. १६ जुलै २०२२ रोजी मुसळधार पावसात नागपूरजवळ कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखबंधारा फुटला. राखेचा चिखल शेतांत, वस्त्यांत, नदीनाल्यांत शिरला. या गावांत आपले सेवानिवृत्त बांधव राहतात, आपले ग्रामीण डाक सेवक रोज टपाल घेऊन फिरतात. पुढे २९ मे २०२३ रोजी कोराडीत ६६० मेगावॅटच्या दोन नव्या संचांसाठी जनसुनावणी झाली. बाजूचे बोलले, विरोधातलेही बोलले. सुनावणी म्हणजे नुसती सभा नसते. तेथे बोललेला शब्द इतिवृत्तात जातो आणि मंजुरी देणाऱ्यांसमोर ठेवला जातो.

दूरच्या देशाचे उदाहरणही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत टेनेसी राज्यातील किंग्स्टन येथे २२ डिसेंबर २००८ रोजी राखबंधारा फुटला. सुमारे ४१ लाख घनमीटर राख बाहेर पडली. त्यानंतर २०१० साली तेथील सरकारने राखेच्या नियमांचा मसुदा काढला, आठ ठिकाणी सुनावण्या घेतल्या आणि साडेचार लाखांवर सूचना आल्या. डिसेंबर २०१४ मध्ये नियम कायम झाले. सर्व मागण्या मान्य झाल्या असे नाही. राखेला घातक कचरा ठरवण्यात आले नाही. पण त्यापूर्वी देशव्यापी नियमच नव्हता, तो झाला. तिथला दुसरा धडा जास्त कडू आहे. जी शेकडो माणसे ती राख उपसायला लावली, त्यांतली पुष्कळ पुढे आजारी पडली. आपल्याला पुरेसे संरक्षण मिळाले नाही, म्हणून ती न्यायालयात गेली. कंत्राटदाराने कामगारांची पुरेशी काळजी घेतली नाही, असा निर्णय ज्यूरीने २०१८ साली दिला. बंधाऱ्याच्या भिंतीचे नियम साऱ्यांनी मिळून मागितले. पण राख उपसणाऱ्याच्या तोंडावरील मास्कसाठी त्याला स्वतःलाच भांडावे लागले.

काही मित्र म्हणतील, वीज केंद्रांवर बोलाल तर वीज कामगारांच्या पोटावर पाय येईल. या मताचा आम्ही आदर करतो, पण ते आम्हाला पटत नाही. वीज कामगार आपला भाऊ आहे. राखेजवळ सर्वांत आधी तोच उभा असतो, आणि त्याच्याही आधी त्याच्या शेजारचा कंत्राटी मजूर. बंधारा मजबूत करा, राख झाकून न्या, कामगाराची छाती तपासा, असे म्हणण्याने कोणाची नोकरी जात नाही. उलट ही कामे करायला माणसे लागतात. विजेची गरज आम्ही नाकारत नाही. आमचा लोहमार्ग विजेशिवाय चालणार नाही. मात्र स्वस्त विजेची किंमत मालधक्क्यावरच्या हमालाने आपल्या फुप्फुसाने चुकवावी, हे आम्हाला मान्य नाही.

म्हणून आमच्या मागण्या थोडक्यात मांडतो. राखेविषयीचा कोणताही मसुदा निघाला की तो मराठीसह सर्व राज्यभाषांत प्रसिद्ध व्हावा, आणि सूचनांची मुदत मराठी मसुदा मिळाल्या दिवसापासून मोजावी. राखेची वाहतूक करणाऱ्या साइडिंगवर पाणी मारण्याची सोय, मास्क आणि वर्षातून एकदा छातीची तपासणी सक्तीची असावी. ती कायम आणि कंत्राटी दोघांनाही मिळावी. राखबंधाऱ्यांच्या पाहणीचे अहवाल ग्रामपंचायतीत लावले जावेत. सूचना देणाऱ्यांत कामगार संघटनांना नावानिशी स्थान असावे.

आता आपल्या बाजूचे काम. जनसुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी वर्तमानपत्रांत यावी लागते, त्यांत एक स्थानिक भाषेतले असते. शाखा कार्यालयात ती कात्रणे लावण्याची जबाबदारी एका सभासदाकडे द्या. सुनावणीला गणपूर्तीची अट नसते, त्यामुळे दहा माणसे गेली तरी त्यांचे म्हणणे नोंदले जाते. शेवटी कामकाजाचा गोषवारा स्थानिक भाषेत वाचून दाखवावा लागतो. तो ऐकल्याशिवाय उठू नका. आपला मुद्दा सुटला असेल तर तेथेच हात वर करा. जाता येत नसेल त्यांनी लेखी निवेदन स्पीड पोस्टाने पाठवावे आणि पावती जपून ठेवावी. पावतीचे मोल टपाल कामगारांना आम्ही काय सांगावे?

निवेदन मोठे आणि विद्वत्तापूर्ण असण्याची गरज नाही. कोणत्या साइडिंगवर, कोणत्या तारखेला, किती वाघिणी, झाकलेल्या की उघड्या, किती माणसे कामाला, कोणाला मास्क मिळाला, एवढे लिहा. ही माहिती दिल्लीच्या कोणत्याही तज्ज्ञाजवळ नसते. ती पॉइंट्समनजवळ असते, ट्रॅकमनजवळ असते, बीटवरच्या पोस्टमनजवळ असते. कंपनीची बाजू मांडायला वकील आहेत. आपली बाजू मांडायला आपल्या डोळ्यांनी पाहिलेले आणि आपल्या सहीचे कागद आहेत.

पुढचा मसुदा कधी निघेल हे सरकार ठरवील. तो निघेल तेव्हा साठ दिवस मोजायला पहिल्या दिवसापासून लागायचे आहे. प्रत्येक शाखेने येत्या सभेत हा विषय घ्यावा, ठराव करावा आणि त्याची प्रत आमच्याकडे पाठवावी.

कामगार एकजुटीचा विजय असो!