माजुराला जकात देतो, काम का देत नाही?

रमजानचे शेवटचे दहा दिवस आले की आपल्या बाजारपेठेत दुकानांपुढे रांगा लागतात. गल्ल्यात सुट्या नोटांची गड्डी वेगळी काढून ठेवलेली असते. कुबडीवाला येतो, अंध येतो, हातगाडीवर बसलेला येतो. प्रत्येकाच्या हातात एकेक नोट पडते आणि सेठ समाधानाने पुन्हा आपल्या वहीकडे वळतो. कापडाच्या धंद्यात इतकी वर्षे काढली, मीही हेच करीत आलो.

सात-आठ वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी कुबडी घेतलेला एक तरुण माझ्या दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला. लहानपणी पोलिओ झालेला. मी वर न पाहताच नोट पुढे केली. त्याने ती घेतली नाही. म्हणाला, "सेठ, मी मागायला आलो नाही. हिशेबाला माणूस पाहिजे, अशी पाटी तुमच्या दारावर आहे. माझे बी.कॉम. झाले आहे."

मी काय उत्तर दिले ते सांगायला आज लाज वाटते. मी म्हणालो, "बेटा, आमचे गोदाम माडीवर आहे. जिना चढणे तुला झेपणार नाही." तो सलाम करून निघून गेला. नोट माझ्या हातातच राहिली. रात्री तरावीहला उभा राहिलो तरी तेच मनात घोळत होते. हिशेबाची वही तर खाली, गल्ल्याजवळ असते. मग जिन्याचा संबंध काय?

ईदनंतर मी त्याचा पत्ता काढून त्याला बोलावले. तो आजही माझ्याकडे आहे. त्याची गोष्ट पुढे येईलच. आधी मुद्दा मांडतो.

आपण अशा माणसाला घरात 'माजूर' म्हणतो. सरकारी कागदावर पूर्वी 'अपंग' होते, आता 'दिव्यांग' आहे. 'माजूर' हा शब्द 'उज्र' या शब्दापासून आला आहे. उज्र म्हणजे सबब, अडचण. ज्याची अडचण मान्य केली आहे तो माजूर. ही सवलत शरीयतने त्याला दिली. उभे राहता येत नसेल तर बसून नमाज पढ, तेही जमत नसेल तर इशाऱ्याने पढ. म्हणजे जमेल तसे कर, पण जमातीतला राहा. आपण व्यापाऱ्यांनी मात्र त्याचा उज्र उचलून स्वतःकडे घेतला. त्याचा पाय अधू आहे, म्हणून आपण त्याला काम न देण्याची सबब मिळाली!

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. आपल्या महाराष्ट्रात ही संख्या सुमारे २९ लाख ६३ हजार होती. त्यांपैकी कामधंदा करणारे देशभरात शंभरात ३६ च्या आसपास निघाले. स्त्रियांत तर शंभरात २३ च्या आसपास. बाकीचे सगळे कामाला नालायक आहेत काय? पोलिओचा शेवटचा रुग्ण या देशात १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात सापडला. त्यानंतर हा आजार गेला, अल्लाहचे उपकार. पण त्याआधी ज्यांना तो झाला ती पिढी आज ऐन कमावत्या वयात आहे. मालेगाव, भिवंडी, धुळे, सोलापूर, कुठल्याही मोहल्ल्यात जा, घराच्या ओट्यावर बसलेली ही माणसे दिसतील.

आणि सगळेच काही जन्माने किंवा आजाराने माजूर झालेले नाहीत. काहींना आपल्या धंद्याने माजूर केले आहे. साध्या मागावरचा धोटा उडतो आणि कारागिराचा डोळा जातो. सायझिंगच्या रोलरमध्ये, मागाच्या चक्रात बोटे सापडतात. आणि बहिरेपण? ते तर आपण मोजतच नाही. लूमशेडमधला आवाज नव्वद डेसिबलच्या वर जातो. अशा आवाजात बारा-बारा तासांची पाळी वीस वर्षे करणाऱ्या कारागिराशी घरात ओरडून बोलावे लागते. लोक हसतात, "मागवाला आहे, त्याला मोठ्याने सांगा." ही हसण्याची गोष्ट नाही. त्याच्या कानांवर आपण कापड विणले आहे. तो म्हातारा झाला आणि पाळी सुटली की रमजानच्या रांगेत उभा राहतो. तेव्हा आपण त्याला जी नोट देतो ती खैरात की थकलेले देणे, याचा ज्याने त्याने विचार करावा.

आता दीनच्या बाजूने पाहू. ह. अब्दुल्लाह बिन उम्मे मक्तूम (रजि.) अंध होते. त्यांच्यामुळे कुरआनची 'अबस' ही सूरह उतरली, हे आपण सगळे वाजांतून ऐकतो. पण त्यापुढची गोष्ट कमी सांगितली जाते. प्रेषितांनी (स.) त्यांना मुअज्जिन केले. मदीनेबाहेर जाताना एकदा नव्हे, अनेकदा शहरात आपल्या जागी त्यांना नेमले. म्हणजे अंध सहाबींना प्रेषितांनी (स.) जबाबदारीचे पद दिले. आपल्या किती संघटनांत, किती मशिदींच्या कमिटीत, किती शाळांच्या ट्रस्टमध्ये एक तरी अंध किंवा पायाने अधू माणूस आहे?

दुसरी गोष्ट तर आपल्या व्यापाऱ्यांच्याच उपयोगाची आहे. एक अन्सारी मागायला आला. प्रेषितांनी (स.) विचारले, घरात काय आहे? एक जाडे कापड आणि एक पेला होता. ते मागवून दोन दिरहमला विकले. एका दिरहमचे घरासाठी धान्य, दुसऱ्याची कुऱ्हाड. कुऱ्हाडीला दांडा त्यांनी स्वतःच्या हाताने बसवला आणि त्याला लाकडे तोडून विकायला सांगितले. पंधरा दिवसांनी तो दहा दिरहम कमावून परत आला. तो माणूस धडधाकट होता, हे खरे. पण यातली रीत पाहा. आधी घरात काय आहे ते विचारले, मग भांडवल उभे केले, मग हत्यार हातात दिले. आपण माजुराला कधी विचारतो का, बाबा, तुला काय येते?

धंदेवाले लगेच म्हणतील, हे वाजात ठीक, धंद्यात नफा-नुकसान पाहावे लागते. बरोबर आहे. म्हणून धंद्याचेच बोलतो.

माझ्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याकडे ग्रे कापड तपासायला एक मूकबधिर तरुण आहे. या कामाला कान लागत नाहीत, डोळे लागतात. तुटका धागा, तेलाचा डाग, विणीतली पट्टी त्याच्या नजरेतून सुटत नाही, आणि शेजारी गप्पा चालल्या तरी त्याचे लक्ष हलत नाही. ज्याचा पाय अधू आहे तो हिशेब, बिले, मालाची नोंद, शिलाई, रफू, मोबाइल दुरुस्ती बसून करू शकतो. कांडी भरण्याचे काम आपल्याकडे घरोघर बायका-मुली करतात, तेही बसूनच होते. अंध माणसासाठी आजचा मोबाइल सगळे वाचून दाखवतो. ऑर्डर घेणे, वसुलीचे फोन करणे त्याला सहज जमते. गिऱ्हाइकाने किती पैसे भरले ते बोलून सांगणारा डबा तर आता पानपट्टीवरही आहे. एका हाताच्या माणसाला माग चालवायला द्या, असे कोणी म्हणत नाही. काम पाहून माणूस निवडतो तसे माणूस पाहूनही काम निवडावे, एवढेच म्हणणे आहे.

आता माझ्या मुनीमजींची गोष्ट. त्याच्यासाठी मी काय केले? दुकानाच्या सहा इंचांच्या पायरीला सहा फुटांचा उतार केला. एक इंच उंचीला बारा इंच उतार, असा सरळ हिशेब आहे. बसायची गादी काढून टेबल-खुर्ची आणली. संडासात भिंतीला एक दांडी बसवली. झाले. त्या उताराचा फायदा आता तागे वाहणाऱ्या हमालांनाही होतो.

सगळे गोड झाले असे मात्र नाही. पावसाळ्यात रस्त्यावर चिखल झाला की त्याला यायला उशीर होतो. पहिल्या वर्षी आमची त्यावरून बोलाचाली झाली. दुकानातली पोरे त्याला पायावरून नाव ठेवून हाक मारीत. ते मला बंद करावे लागले. कोणाची टिंगल करू नये, वाईट नावाने हाक मारू नये, हा कुरआनचा हुकूम 'हुजुरात' सूरहमध्ये स्पष्ट आहे, पण दुकानात तो आठवण करून द्यावा लागतो.

सर्वांत मोठी चूक माझीच होती. पहिले सहा महिने मी त्याला आधीच्या मुनीमापेक्षा कमी पगार दिला. मनात असे की, आपण त्याला ठेवले हेच पुष्कळ. एक दिवस तो शांतपणे म्हणाला, "सेठ, वहीत माझी चूक निघाली का?" मी म्हणालो, "नाही." तो म्हणाला, "मग पगारात माझा पाय का मोजता?" माझ्याकडे उत्तर नव्हते. मापात काटछाट करणाऱ्यांसाठी कुरआनात किती सख्त इशारा आहे हे आपण गजाने कापड मोजणारे लोक जाणतो. मजुरीतली काटछाटही मापातलीच काटछाट आहे. मी मागची बाकी चुकती केली. कृपा करून कोणी त्याला मेहरबानी म्हणू नये. बाकी होती, ती दिली.

एक खुलासा इथेच करतो, कारण काही बंधू हा घोटाळा करतात. कामाचा पगार जकातीत धरता येत नाही. पगार हा त्याचा हक्क, जकात वेगळी. मात्र जो जकातीस पात्र आहे त्याला दरवर्षी शंभर-दोनशेच्या नोटा वाटण्याऐवजी एकदाच शिलाई मशीन, दुरुस्तीची हत्यारे, छोट्या दुकानाचा माल त्याच्या मालकीचा करून देता येईल. तपशील आपापल्या आलिमांना विचारावा. दहा दुकानदारांनी जकातीचा काही भाग एकत्र केला तर वर्षाला दोन-चार माणसे तरी रांगेतून उठतील, आणि इन्शाअल्लाह एखादा पुढे स्वतः जकात देणारा होईल.

कायद्याची मदतही आहे. १९९५ चा कायदा होता, त्याच्या जागी २०१६ चा आला. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. मोजता येण्याजोगे अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक असेल तर सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आणि गरिबी हटवण्याच्या योजनांत ५ टक्के राखीव वाटा आहे. धंद्यासाठी सवलतीचे कर्ज देणारे महामंडळ केंद्राचेही आहे, राज्याचेही आहे. महाराष्ट्र सरकारने तर २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढला. पण हे सगळे प्रमाणपत्र आणि 'यूडीआयडी' कार्डावर अवलंबून आहे. आपली पोरे इथेच अडतात. माझ्यासारखी उर्दू माध्यमात शिकलेली मुले आणि त्यांचे आईबाप मराठी-इंग्रजी फॉर्म पाहूनच मागे फिरतात. रुग्णालयात दोन खेपा वाया गेल्या की तिसऱ्यांदा जात नाहीत. इथे सुशिक्षित तरुणांनी पुढे यावे.

मुलींबद्दल दोन शब्द. माजूर मुलगा निदान ओट्यावर तरी दिसतो, मुलगी तर घराबाहेर दिसतच नाही. लग्न होणार नाही म्हणून शिक्षण नाही, शिक्षण नाही म्हणून काम नाही. आईबापांनंतर ती कोणाच्या दारी जाणार? तिच्या हातात शिलाई, भरतकाम, हिशेब, काही तरी हुन्नर देणे ही बापाची जबाबदारी आहे आणि तिच्या हातचा माल रास्त भावात घेणे ही आपली.

आपल्या बुनकर आणि व्यापारी संघटनांपुढे पाच गोष्टी ठेवतो.

१) मोहल्लावार नोंदवही करावी. कोण माजूर आहे, वय काय, शिक्षण काय, हुन्नर काय. दुसऱ्या पानावर सभासदांकडील रिकाम्या जागा लिहाव्यात.

२) ज्याच्याकडे दहा माणसे कामाला आहेत त्याने त्यांत एक तरी माजूर घ्यावा, पूर्ण पगारावर.

३) जुम्याच्या नमाजनंतर महिन्यातून एकदा प्रमाणपत्राचे फॉर्म भरून देणारे टेबल लावावे. तिथे उर्दू-मराठी दोन्ही जाणणारा माणूस असावा.

४) प्रत्येक मागाला धोटा अडवणारी जाळी बसवावी, कारागिरांना कानात घालायची बुचे द्यावीत, वर्षातून एकदा कान तपासून घ्यावेत. कामात अपंगत्व आले तर मालकाने भरपाई द्यायची, ही तरतूद या देशात १९२३ पासून आहे. ती चहापाण्याच्या पैशांत मिटवू नये.

५) दुकान, कारखाना आणि मशीद, तिन्हींच्या पायरीला उतार करावा. वुजूखान्यात एक जागा खुर्चीवर बसणाऱ्यासाठी ठेवावी.

यातले एकही काम असे नाही की ज्याला सरकारची वाट पाहावी लागेल.

पुढच्या रमजानमध्येही दुकानापुढे रांग लागेलच. ज्याला गरज आहे त्याला जरूर द्या, हात आखडू नका. पण नोट देण्याआधी मान वर करून त्याच्याकडे बघा आणि एवढे विचारा, "भाई, तुम्हाला काय काम येते?" कदाचित तो तुमची पाटी वाचूनच आलेला असेल. अल्लाह आपल्याला तौफीक देवो. आमीन.