पिपेट कुणाच्या हातात?

‘आरटी-पीसीआर’ हा शब्द मराठवाड्यात घरोघरी पोहोचला तो २०२० मध्ये. त्या वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठानेही कोरोना चाचणीची प्रयोगशाळा उभारली. यंत्रे पैसे मोजून आणता येतात. ती चालवणारे सराईत हात मात्र ऐनवेळी मिळत नाहीत.

हाताला काय शिकायचे असते?

मायक्रोलिटर म्हणजे लिटरचा दहा लाखावा भाग. पीसीआरच्या नळीत असे दोन-पाच मायक्रोलिटर अचूक टाकावे लागतात. मग यंत्र साधारण ९५, ५५ आणि ७२ अंशांचे चक्र फिरवते आणि प्रत्येक चक्रात डीएनएचा ठरावीक तुकडा दुप्पट होतो. ३० चक्रांत एकाच्या प्रती, निदान हिशेबाने तरी, १०० कोटींवर जातात. पण चुकून पडलेला परका डीएनएही तसाच वाढू शकतो! म्हणून एका नळीत नमुन्याऐवजी शुद्ध पाणी घालतात. त्या पाण्यात डीएनएची पट्टी दिसली, तर सगळी खेप रद्द. ही शिस्त फळ्यावर शिकवता येत नाही. दोन-चार खेपा स्वतः फेकून द्याव्या लागतात.

शेतकऱ्याचा काय संबंध?

शेजारचे जालना ही बियाण्यांची राजधानी. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये तिथे महिको सुरू केली. संकरित बियाणे शुद्ध आहे का, हे शेतात पेरून पाहायचे तर अख्खा हंगाम जातो. डीएनए चाचणीत काही दिवसांत कळते. चाचणी करणाऱ्याचा हात चुकला आणि भेसळीचे बियाणे बाजारात गेले, तर हंगाम शेतकऱ्याचा बुडतो.

विद्यापीठात डीएनए बारकोडिंगसाठी पॉल हेबर्ट केंद्र आहे. सुमारे ६५० अक्षरांच्या जनुकखंडावरून प्राण्याची जात ओळखण्याची ही पद्धत कॅनडाच्या हेबर्ट यांनी २००३ मध्ये मांडली. म्हणजे शहरात विद्या आहे. ती पदवीच्या बाकापर्यंत किती पोहोचते, हा खरा प्रश्न. एक यंत्र, तीस विद्यार्थी. पिपेट एकाच्या हातात आणि बाकीचे जर्नलमध्ये जेलची आकृती काढतात, याला प्रात्यक्षिक कसे म्हणायचे? यंत्र एकदाच घ्यावे लागते, पण उणे २० अंशांत जपायची एन्झाइम्स दरवर्षी लागतात. अनुदान देताना हा आवर्ती खर्च धरायलाच हवा.

तोवर अल्पमुदतीच्या कार्यशाळेची फी भरण्यापूर्वी पालकांनी एवढे विचारावे : प्रत्येकाला स्वतंत्र नमुना मिळणार का, आणि प्रयोग फसला तर पुन्हा करू देणार का?