उपवासालाही वरची हद्द असते

“सर, रमजानमध्ये कटिंग झकास होतं.” बारावीतल्या मुलांच्या तोंडून हे वाक्य आता दरवर्षी ऐकू येते. आमच्या पिढीला कटिंग म्हणजे अर्धा ग्लास चहा एवढेच ठाऊक. जिममध्ये कटिंग म्हणजे अंगावरची चरबी इतकी उतरवणे की पोटाचे स्नायू चौकटी-चौकटीने दिसू लागावेत. मुलांना त्याचे आकडेही पाठ असतात. कुणाला आठ टक्के चरबी गाठायची असते, कुणाला सहा. या कामासाठी रमजान हा त्यांना आयता मिळालेला महिना वाटतो. सहरीला काळी कॉफी, दिवसभर रोजा, असरनंतर उपाशीपोटी व्यायाम आणि इफ्तारला एक खजूर व अंड्याचा पांढरा भाग. घरचे समजतात, पोरगा इबादतीत बुडालाय. पोरगा आरशात बुडालेला असतो.

माझा विरोध व्यायामाला नाही. मधुमेह आणि रक्तदाब आपल्या मोहल्ल्यात घरोघरी आहेत. दिवसभर रोजा धरून संध्याकाळी भजी, समोसे आणि साखरेचे सरबत यांवर तुटून पडणारे आणि ईदपर्यंत वजन वाढवून बसणारेही आपणच आहोत. ज्याच्या पोटाचा घेर वाढलाय त्याने तो कमी करावा, रमजानमध्येही करावा. मी बोलतोय ते मुळात निरोगी, सडपातळ असलेल्या आणि तरीही उरलीसुरली चरबी घालवायला निघालेल्या मुलांबद्दल.

चरबी म्हणजे अंगावर साचलेला कचरा नव्हे. मेंदू, मज्जातंतू आणि आतले अवयव यांना ती लागतेच. पुरुषाच्या शरीरात साधारण तीन टक्के आणि स्त्रीच्या शरीरात साधारण बारा टक्के चरबी जगण्यासाठीच आवश्यक मानली जाते. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचे संप्रेरक तयार करतात. घरात दाणागोटा किती शिल्लक आहे, हे मेंदूला त्यातून कळते. साठा फार घटला की मेंदू दुष्काळ पडल्यासारखा वागू लागतो. भूक वाढते, थंडी वाजते, झोप मोडते, पुरुषी संप्रेरक कमी होते. मुलींची मासिक पाळी अनियमित होते किंवा थांबते आणि पुढे हाडे ठिसूळ होऊ लागतात. लग्न ठरले म्हणून महिना-दोन महिने जेवण तोडणाऱ्या मुलींच्या आयांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

उपाशी राहण्याचा मनावर काय परिणाम होतो, हे अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये तपासले गेले. अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. रोज साधारण १,६०० कॅलरी आणि भरपूर चालणे. त्यांचे वजन जवळपास एक चतुर्थांश घटले. त्याहून बोलका होता त्यांच्या स्वभावातला बदल. ही माणसे चिडचिडी आणि उदास झाली, मित्रांपासून तुटली आणि दिवसभर जेवणाचाच विचार करू लागली. काही जण पाककृतींची पुस्तके गोळा करू लागले. आज १,६०० कॅलरींचा तक्ता मोबाइलवर ‘साधा डाएट’ म्हणून फिरतो. आमची मुले त्याहूनही कमी खाऊन वजने उचलतात.

शरीरसौष्ठवाच्या स्पर्धकांचेच पाहा. चार-पाच टक्के चरबीचे शरीर ते स्पर्धेच्या दिवसापुरते, फार तर थोडे दिवस टिकवतात आणि मग वजन पुन्हा वाढू देतात. त्या एका दिवसाचा फोटो मात्र वर्षभर मुलांच्या मोबाइलवर असतो. ऑस्ट्रियाचा आंद्रेयास म्युन्झर हा चरबी जवळजवळ नाहीशी केलेल्या शरीरासाठी जगभर ओळखला जायचा. मार्च १९९६ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, एकामागून एक अवयव निकामी होऊन तो गेला. त्यामागे औषधांचाही हात होता, हे खरे. पण निव्वळ जेवण तोडून तो आकडा गाठता येत नाही, म्हणूनच गोळ्या येतात. आपल्याकडे हीच वाट ‘फॅट बर्नर’च्या डबीपासून सुरू होते. काळजाचे ठोके वाढवणारी गोळी, वर पाण्याचा थेंब नाही आणि त्यावर तासभर व्यायाम, हे गणित कोणत्याही डॉक्टरला विचारून पाहा.

शिवाय ज्या आकड्यासाठी एवढा जीव टाकायचा तो तरी खरा असतो का? जिममधले यंत्र शरीरातून सौम्य वीज सोडते आणि पाणी किती आहे यावरून चरबीचा अंदाज बांधते. तहानलेल्या शरीरात पाणी कमी, म्हणून यंत्र चरबी प्रत्यक्षाहून जास्त दाखवू शकते. रोजेदार मुलगा तो आकडा पाहून इफ्तारचा घास आणखी कमी करतो.

आता दीनबद्दल. रोजा केव्हा सुरू होतो, कशाने तुटतो, हे आपण मुलांना लहानपणीच शिकवतो. उपवासाला वरची हद्दही आहे, हे शिकवायचे राहून जाते. सहरी खाण्यात बरकत असल्याचे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले. सूर्य मावळताच इफ्तारला उशीर न करण्याची शिकवण दिली. इफ्तार न करता एका दिवसाचा उपवास दुसऱ्या दिवसाला जोडण्यास त्यांनी आपल्या अनुयायांना मनाई केली. ईदच्या दिवशी रोजा ठेवणेच निषिद्ध आहे. आजारी आणि प्रवासी यांना कुरआनने सवलत दिली आहे. अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) रोज उपवास करायचे आणि रात्रभर नमाज पढायचे. प्रेषितांनी (स.) त्यांना समजावले की शरीराचाही माणसावर हक्क असतो. जास्तीत जास्त एक दिवसाआड, हजरत दाऊद (अ.) यांच्यासारखा रोजा ठेवावा, त्यापुढे नाही. म्हातारपणी अब्दुल्लाह (रजि.) यांना वाटत राहिले की ती सवलत घेतली असती तर बरे झाले असते.

ज्यांचा उपवास निखळ अल्लाहसाठी होता, त्यांनाही थांबवले गेले. मग पोटावरच्या चौकटींसाठी सहरी सोडणाऱ्याला कोणती सूट असणार? रोज्याने वजन उतरले तर त्यात गुन्हा नाही. पण वजनासाठी सहरी टाळणे आणि इफ्तारच्या घासाला घाबरणे, इथे नियत बदललेली असते.

म्हणून रमजानच्या पहिल्या जुम्म्याच्या बयानात इमामसाहेबांनी यावर पाच मिनिटे बोलावे. जिमच्या ट्रेनरने उपाशी आणि तहानलेल्या मुलाला जड वजन देऊ नये, व्यायाम इफ्तारनंतर ठेवावा. आईवडिलांनी पोराच्या ताटाकडे लक्ष द्यावे. सहरीला न उठणारा, दस्तरखानावर बसून घास मोजणारा, चक्कर येऊनही आरशासमोर उभा राहणारा मुलगा शिस्तीचा आहे असे समजून कौतुक करू नये. त्याला जवळ बसवून पोटभर जेवू घालावे. तेवढ्याने भागत नसेल तर डॉक्टरकडे न्यावे. दिवसभराच्या भुकेनंतर समाधानाने घेतलेला घास हीदेखील रोज्याची नेमत आहे. ती आपल्या मुलांच्या वाट्याला यायला हवी.